‘शे’ची दुरुस्ती

१९७२ साली मी धुळ्याच्या कॉलेजात गणित शिकवायचो आणि उरलेल्या वेळात, कधी न पाहिलेल्या एका कॉम्प्युटरला अहिराणी शिकवायचो. तो मुंबईत. मी कागदावर प्रोग्रॅम लिहून टपालानं पाठवायचा, तिथले ऑपरेटर तो रोमन अक्षरांत कार्डांवर पंच करणार, माहिती टेपवर साठवणार आणि तीन आठवड्यांनी छापील उत्तर येणार. सांगितलेलं यंत्रानं लक्षात ठेवावं आणि विचारल्यावर सांगावं, एवढंच मला हवं होतं. स्टाफरूममध्ये मला ‘यंत्रमहाराज’ म्हणत. जवळ कुणी बसत नसे. बसून तरी बोलणार काय, कपाळ!

या कामाची चौकशी करणारं माणूस एकच, भडगावची माझी आई, झुंबरबाई.

“हिलाल, मन्हं बोलनं समजी का रे त्याले?”

“समजी.”

“मंग त्याले इचार, माय कोठे शे. तू तं इचारस नही.”

थट्टाच केली तिनं, पण वर्मी लागली. आता पहिलं उत्तर घेऊनच पुन्हा घरी येईन, असं मी निघताना सांगून टाकलं. ‘माय घर शे’ ही माहिती लिहिली, तिचा प्रश्न लिहिला आणि पाकीट मुंबईला धाडलं.

उत्तर आलं: ‘माहीत नही.’

दोन दिवस मी माझ्याच प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो. मग उत्तरासोबत आलेल्या छापील यादीत दिसलं, माहितीच्या कार्डांवर सगळीकडे ‘आहे’! कुणा शहाण्यानं माझं ‘शे’ अशुद्ध समजून सुधारलं होतं. प्रश्नातलं ‘शे’ मात्र तसंच. जुळणार कसं? माझं डोकंच फिरलं. लगोलग पत्र लिहिलं: “‘शे’ हा शब्द बरोबर आहे. तो कोणीही बदलू नये.”

पुन्हा तीन आठवडे. मध्येच आईचा निरोप आला, ताप उतरत नाही, येऊन जा. अडीच तासांची तर एस.टी. पण मी हट्टाला पेटलेलो. रिकाम्या हातानं गेलो तर ती हसेल, म्हणून गेलो नाही. सतराव्या दिवशी शेजारचे जीवरामनाना कॉलेजच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी टोपी काढली.

“हिलाल, घर चाल.”

मी तसाच त्यांच्यासोबत निघालो.

दिवसकार्य उरकून धुळ्याला परतलो, तर पाकीट दाराच्या फटीतून आत पडलेलं.

प्रश्न: माय कोठे शे?

उत्तर: माय घर शे.

एक अक्षर चुकलेलं नव्हतं. मी ते मोठ्यानं वाचलं. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं, तेव्हा मला रडू आवरेना.

सोबत मुंबईची चिठ्ठी होती: “टेप जपून ठेवत आहोत. माहितीत दुरुस्ती असल्यास कळवावी.”

दुरुस्ती होती. ‘शे’ काढून ‘व्हती’ लिहायचं, एका कार्डाचं काम. मी पेन उघडलं. कोणीही बदलू नये, असं मीच तर बजावलं होतं.

चिठ्ठीखाली लिहिलं: “दुरुस्ती नाही.”