कारंज्याचा कागद

जानेवारी १९८४ मध्ये वर्ध्यात कापसावरचा परिसंवाद भरला. तरुण संशोधकांना दहा-दहा मिनिटं होती. कापूस केंद्रात कायम नोकरीची एक जागा निघाली होती आणि निवड मंडळ पहिल्याच रांगेत बसणार होतं. उमेदवार दोन, नालवाडीची कांता आणि रूपराव. दोघांचे मार्गदर्शक एकच, मधुकरराव.

कांताचा विषय धूळपेरणीचा, म्हणजे पाऊस पडण्याआधीच कोरड्या रानात सरकी पेरण्याचा. आर्वीच्या भारी जमिनीत बोंडअळी निम्म्याने घटली. कारंज्याच्या बरड, हलक्या रानात मात्र अर्धी सरकी उगवलीच नाही.

मधुकररावांनी तिची चार वेळा तालीम घेतली. पडद्यासमोर उभं राहू नको, कागद वाचू नको, लोकांकडे बघ, असं सांगितलं. सगळं खरंच कामाचं होतं. शेवटच्या तालमीत त्यांनी प्रोजेक्टरवरचा कारंज्याचा पारदर्शक कागद उचलून बाजूला ठेवला.

"दहा मिनिटांत एकच गोष्ट सांगावी. कोणी विचारलंच तर मी आहे."

शेतावर तिच्याबरोबर बोंडं मोजणाऱ्या भैयाजीला ते पटलं नाही. "मॅडम, ते काऊन काढून राह्यल्या? बुडाला तो कारंज्याचाच कास्तकार न?"

कांताने सरांचं ऐकलं.

भाषण नऊ मिनिटांत संपलं. टाळ्या झाल्या. पहिला प्रश्न विचारायला मधुकरराव उठले, तेव्हा तिला हायसं वाटलं.

"हलक्या जमिनीत काय आढळलं?"

तिने कारंज्याचं सगळं तोंडी सांगितलं.

"मग हे आकडे दाखवले का नाहीत?"

"सर, तो कागद तुम्हीच काढायला सांगितला होता."

मागे कुणीतरी हसलं. मधुकरराव चिडले नाहीत. जबाबदारी स्वतःवर घ्यायला शिकावं लागतं, एवढं शांतपणे म्हणून ते बसले. मंडळाच्या अध्यक्षांनी वहीत काही लिहिलं.

पुढचं भाषण रूपरावचं. त्यालाही मधुकररावांनीच अवघड प्रश्न विचारला. रूपरावने फाइलमधून तयार कागद काढून काचेवर ठेवला. उत्तर आकड्यांसकट त्यावर लिहिलेलं होतं.

चहाच्या वेळी कांताने मधुकररावांना गाठलं.

"रूपरावला प्रश्न आधी सांगितला होता?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "तुझं बोलणं त्याच्यापेक्षा चांगलं झालं. खरं सांगतो."

"सांगितला होता का?"

"जागा एकच होती, कांता."

तिने तिथेच उभ्या उभ्या चिठ्ठी लिहिली. परिसंवादाच्या छापील अहवालात माझ्या भाषणात कारंज्याचे आकडे घालावेत. मार्गदर्शकांच्या सूचनेवरून ते वगळले होते. खाली त्यांच्या सहीसाठी जागा सोडून तिने पेन पुढे केलं.

मधुकररावांनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि अहवाल निघेल तेव्हा बघू म्हणाले. पेन कांताच्याच हातात राहिलं. तिने सोबत आलेल्या भैयाजीकडून कोरा कागद मागून घेतला, तोच मजकूर पुन्हा लिहिला आणि या वेळी खाली फक्त स्वतःची सही करून तो निवड मंडळाच्या अध्यक्षांच्या टेबलाकडे नेला.