बिनधन्याची पऱ्हाटी

मांडवखेडच्या नगरपालिकेला एका गोष्टीचा भारी तोरा होता. गावातली वीज तिच्या मालकीची! बाकीचा जिल्हा वीज मंडळाच्या तारांवर लटकलेला, पण इथे मंडळाकडून घाऊक वीज घेऊन घरोघर पोहोचवायची ती पालिकेनेच. तोरा ठीक आहे, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दोन हजार सहा साली मंडळ दिवसाचे बारा तास वीज तोडत होतं. मग नळयोजना आणि दवाखाना चालवायला पालिकेचं म्हातारं डिझेल इंजिन धडधडत राही, आणि त्याची काजळी शेजारच्या शाळेच्या भिंतींवर बसे.

काजळी बसायला आणखी एक जागा होती, ती म्हणजे कय्युमभाईची छाती. बावीस वर्षं तो त्या इंजिनापाशी होता. खोकल्याची उबळ आली की भिंतीला हात टेकून उभा राही आणि संपली की पुन्हा पान्हा उचली.

विद्युत विभागाचे प्रमुख पूनमसिंग राठोड यांनी यावर तोड काढली. चहूकडे कापूस. वेचा संपला की वावरात कापसाची वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, उभी. ती जाळून वीज करायची आणि डिझेलला रामराम ठोकायचा. योजना चांगली होती, माणूसही चांगला होता. खलनायक शोधत बसणाऱ्याची या गोष्टीत निराशाच व्हायची.

पऱ्हाटी मिळेल किती, हे मोजायचं काम कनिष्ठ अभियंता दीपा मुनेश्वरकडे आलं. अडतीस गावं ती हिंडली. फॉर्मवर शेतमालकासाठी प्रश्न होता, वेचणीनंतर पऱ्हाटीचं काय करता? मालक सांगत, "काय करतो मॅडम, फुकट देऊन टाकतो. वावर साफ झालं म्हंजे झालं." दीपा पुढे लिही, 'टाकाऊ'. अडतीस गावांत एकच शब्द.

आता हे 'फुकट' काय असतं ते त्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. ज्यांना जमीन नाही अशा बाया लोखंडी चिमट्याने एकेक झाड उपटतात, मालकाला वावर मोकळं करून देतात आणि मजुरीऐवजी पऱ्हाटी घरी नेतात. वर्षभराचं जळण तेच. प्रत्येकीचं वावर ठरलेलं, सासूचं सुनेकडे जाणारं. सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो, लोक म्हणतात, "हे रुपीबाईचं वावर, ते तुळसाबाईचं."

दीपाला हे ठाऊक नव्हतं काय? चांगलं ठाऊक होतं. पॉलिटेक्निकला जाईपर्यंत दर फाल्गुनात ती आपल्या आईबरोबर, सत्यभामाबरोबर, चिमटा घेऊन उतरत होती. तळहातावरचे फोड पाटीवरच्या पेन्सिलीला लागायचे. पण कचेरीत कुणी विचारलं तर ती सांगे, आई घरीच असते. या कचेरीत ती पहिलीच मुलगी, त्यात वस्तीतली. चिमट्याची आठवण तिने अशी पुरून टाकली होती की फॉर्म भरताना तिचा हात अडखळलासुद्धा नाही.

योजनेचा ठराव पालिकेच्या सभेत यायचा होता. त्याआधीच्या रविवारी ती गावी गेली. घरात धूर कोंडला होता. सत्यभामा चुलीपुढे बसून ओल्या बाभळीच्या काटक्या फुंकत होती आणि डोळे पदराने पुसत होती.

"माय, पऱ्हाटी नाही आनली यंदा?"

"कुठून आनू? गेलती मी वावरात, तं वावर रिकामं. टॅक्टरनं सारी नेली. नमुना पायजे म्हने पालिकेले." सत्यभामाने फुंकणी खाली ठेवली. "टॅक्टरवाला म्हने, कोन्या साहेबानं हापिसात लिहून देल्लं का पऱ्हाटीले धनीच नाई. तीस वर्सं उपटली म्या ते. तुह्या हापिसातला असन तो. भेटला तं विचारजो त्याले, तुह्या घरी कायच्यावर सयपाक होते बाप्पा?"

दीपाने फुंकणी उचलून चूल फुंकायला घेतली. तो साहेब म्हणजे ती स्वतःच होती. तिला लाज वाटली, इतकी की आईकडे बघवेना. इतकी वर्षं ज्या चिमट्याची लाज वाटत आली, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, हेही तिला तिथेच कळलं.

पुढचे तीन दिवस तिने रजा टाकली आणि सहा गावं पुन्हा पालथी घातली. या वेळी वावरात न जाता ती चुलीपाशी गेली. हिशेब सरळ निघाला. तीन वाट्यांतले दोन वाटे बायांच्या चुलीत जात होते. खरोखर टाकाऊ म्हणावी अशी मोठ्या शेतकऱ्यांच्या बांधावर पेटवली जाणारी, एवढीच.

पूनमसिंगांनी कागद वाचले आणि चष्मा काढला.

"दीपा, एवढ्याशा जळणावर कारखाना उभाच राहत नाही. अर्ध्या आकाराचं मशीन कुणी देत नाही. उद्या ठराव होऊ दे. बायांचं मग पाहू काहीतरी."

"मग म्हणजे कधी, सर?"

त्यांनी कागद तिच्यापुढे परत सरकवले. खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभेत ठराव वाचून झाला, बाकं वाजवायला हात वर गेले, तेवढ्यात दीपा उभी राहिली. "पाहणीत चूक आहे. माझीच आहे. पऱ्हाटी टाकाऊ नाही."

"तुमाले काय मालूम, मॅडम?" एक सदस्य हसत म्हणाला. "शेतात गेल्या होत्या का कधी?"

"मीच उपटली आहे. अकरा वर्षं," दीपा म्हणाली. "माझी आई अजून उपटते. या वर्षी तिच्या वावरात काही उरलं नाही."

हसू विरलं. कुजबूज झाली, कागद इकडून तिकडे गेले आणि अध्यक्षांनी योजना फेरविचारासाठी मागे ठेवली. पूनमसिंगांनी फाईल बांधली. त्यांच्या निवृत्तीला चार महिने होते. जाताना त्यांनी दीपाच्या खांद्याला हात लावला. रागावले असते तर बरं झालं असतं.

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं म्हणत ती बाहेर आली. मन बऱ्याच दिवसांनी हलकं होतं. दारापाशी कय्युमभाई उभा होता. तो सगळं ऐकत होता. तेवढ्यात वीज गेली. त्याने गळ्यातला रुमाल सोडून नाकातोंडावर बांधला.

"बरोबर बोलल्या तुमी, मॅडम," तो रुमालाआडून म्हणाला. "माह्या घरी हुस्नाबीबी पऱ्हाटीवरच पकवते."

"कय्युमभाई, तुमचं इंजिन..."

"चालनच ते. मीच जाऊन राह्यलो चालू कराले." एक उबळ आली, ती त्याने भिंतीशी उभं राहून जिरवली. "पन एक सांगा. तुमची माय होती म्हनून तुमाले समजलं. माह्या या खोकल्याचं कोन सांगन त्याहिले?"

उत्तरासाठी तो थांबला नाही, दवाखान्यातले दिवे खोळंबले होते. पायऱ्या उतरून तो खाली गेला आणि इंजिन सुरू झालं. फेरविचाराची सभा कधी, हे मघाशी कुणी विचारलं नव्हतं. दीपानेसुद्धा नाही.