सिंगापुरात उतरायचं कुठे

मार्चमध्ये आमचे चार पासपोर्ट आले आणि एप्रिल संपत आला तरी आम्ही सिंगापुरात उतरायचं कुठे, यावरच अडलो होतो. तिकिटं काढून झाली होती, बॅगा बघून झाल्या होत्या. केतन, म्हणजे माझा मुलगा, दर रविवारी चहा झाला की लॅपटॉप उघडून हॉटेलं दाखवायला बसायचा. मुलीला स्थळं दाखवावीत तसं एकेकाचं कौतुक करायचा.

"लिटल इंडिया बघ. इडली आहे, भात आहे, देऊळ आहे, खाली उतरलं की मेट्रो. बाबांना एकदम झकास."

"गर्दीच बघायची तर आपलं भांडुप काय वाईट आहे?" त्याची बायको समीक्षा म्हणायची. "बुगिस बघ ना यार."

"महाग आहे. गेलांग स्वस्त पडतं."

"गेलांगला तसलं चालतं," ती हळूच म्हणाली आणि माझ्याकडे बघून गप्प झाली.

"अगं, सासू झाले म्हणून मला काय कळत नाही?" मी म्हटलं. "ते सगळं राहू दे. कटोंग बघा."

दर रविवारी माझं हेच. कटोंग. केतन कपाळाला हात लावायचा. "आई, कटोंग लांब आहे गं. कुठेही जायचं तर अर्धा तास. आणि तुला ते नाव कळलं कुठून?"

"यूट्यूबवर बघितलं. समुद्र जवळ आहे. मासे चांगले मिळतात म्हणे."

"मासे खायला पासपोर्ट काढलेत काय?" पेपरामागून आवाज यायचा. तो माझ्या नवऱ्याचा, चंद्रप्रकाशांचा. चाळीस वर्षं फॅक्टरीत लेथवर उभे राहिले. एक सूत इकडचं तिकडे झालेलं यांना खपत नाही, मशीनवर नाही आणि घरातही नाही.

खरं कारण तुम्हाला सांगते. कटोंगला माझी मुलगी राहते.

रुचिरा सात वर्षांपूर्वी नोकरीसाठी सिंगापूरला गेली. तिथेच तिला अरुल भेटला. तमिळ, पण तिकडचाच, त्याच्या आजोबांपासून तिकडचा. एकवीस साली तिने फोन करून लग्नाचं सांगितलं, तेव्हा हे नाही म्हणाले नाहीत आणि हो पण म्हणाले नाहीत. "देवाला विचारू," म्हणाले. आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर गावच्या रवळनाथाला कौल लावतात. देवाच्या दोन्ही अंगांना पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. रुचिराही म्हणाली, "विचारा बाबा." तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास.

लॉकडाऊन होता, गावाला जाता येत नव्हतं. म्हणून महादू गुरवाने व्हिडिओ कॉलवर कौल लावला. त्याच्या सुनेने गाभाऱ्यात मोबाईल धरला आणि आम्ही इथे कोकणनगरात, सातव्या मजल्यावर, अंघोळी करून फोनसमोर बसलो. मी डोळे मिटून हात जोडले होते. देवा, उजवा दे, देवा, उजवा दे, एवढंच चाललं होतं माझं. तेवढ्यात हे म्हणाले, "डावा." मी डोळे उघडले तर चित्र गोठलेलं, आवाज गेलेला, आणि दोन मिनिटांत फोनही कट.

रुचिराला कळवलं. ती म्हणाली, "बाबा, देवाने नाही म्हटलं तरी मी करणार." हे म्हणाले, "मग आम्ही तुझे कोण नाही." तेव्हापासून चार वर्षं या घरात तिचं नाव निघालेलं नाही.

माझ्या तोंडून मात्र निघतं. दुपारी गच्चीवर पापड वाळत घालायला म्हणून मी जाते आणि टाकीच्या सावलीत बसून तिला फोन करते. आमच्याकडे पापड बारा महिने वाळतात, पावसाळ्यातसुद्धा. यांनी एकदाही विचारलेलं नाही. तिला मुलगा झाला. कविन नाव. वीस महिन्यांचा आहे, चालतो, आणि मी त्याला अजून फोनच्या काचेबाहेर बघितलेलं नाही. त्याच्या डोक्याला वास कसला येतो ते मला माहीत नाही. लोकांच्या नातवंडांना लिफ्टमध्ये हात लावते मी, आणि मग घरी येऊन स्वतःवरच चिडते.

आणि मग या वर्षी केतनला बढती मिळाली. म्हणाला, सगळ्यांना परदेशात नेतो, दुबई, बँकॉक, सिंगापूर, बोला. सिंगापूर माझ्या ओठांवर आलं होतं. हेच म्हणाले, "सिंगापूर. स्वच्छ आहे." ज्या माणसाने जन्मात स्वतःच्या चपला पुसल्या नाहीत, त्याला एकाएकी स्वच्छता आठवली. पण लगेच पुढे म्हणाले, "एक अट आहे. तिच्या दारात जायचं नाही आणि तिने हॉटेलवर यायचं नाही. देवाचा शब्द आहे."

म्हणून कटोंग. माझा हिशोब साधा होता. दारात जायचं नाही ना, नाही जात. पण संध्याकाळी पाय मोकळे करायला तर बाहेर पडेन. रुचिरा पोराला संध्याकाळी समुद्राकडच्या बागेत नेते. तिकडे बाकावर बसायला देव थोडाच आडवा येणार? पाच दिवस होते. पाच दिवसांत एकदा तरी समोरून येईल. ठरवून नव्हे, अशीच. मी तिला हेही सांगितलं नव्हतं. नाहीतर ती रोज वाट बघत बसली असती, आणि वाट बघणं काय असतं ते मला चांगलं माहीत आहे.

त्या रविवारी मात्र केतन वैतागला. "आता फायनल करा. लिटल इंडिया की आईचं कटोंग? सांगा, आत्ताच बुक करतो."

"कटोंग," मी म्हटलं.

"पण का आई? एक कारण दे ना नीट!"

मी चहाचे कप गोळा करायला लागले. समीक्षा माझ्याकडे बघत होती. तिला माहीत असावं, सुना सगळं ओळखून असतात. यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "भांडण नको. देवाला विचारू."

"हॉटेलसाठी कौल?" केतन हसायलाच लागला.

"पहिल्यांदा परदेशात चाललोय. विचारलं तर काय बिघडतं?"

या देवाने एकदा माझी मुलगी नेली होती. आता मला उरलेले पाच दिवसही त्याच्याच हातात द्यायचे होते. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

यांनी महादूला निरोप दिला आणि साडेदहाला त्याचा फोन आला. या वेळी रेंज स्वच्छ होती. समई दिसत होती, देवाचं काळं रूप दिसत होतं, आणि दोन्ही अंगांना पांढऱ्या पाकळ्या. महादूने प्रश्न नीट विचारून घेतला. लिटल इंडियात राहायचं असेल तर उजवा, नसेल तर डावा. मग त्याने गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! ही तुझी लेकरां मुंबैसून परदेशाक जातत. थंय खंय ऱ्हवचा तां त्यांका कळणा नाय. त्या लिटल इंडियात ऱ्हवान बरा होवचा आसात तर उजवो दी, नाय तर डावो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," हे म्हणाले.

या वेळी मी डोळे मिटले नाहीत. एकदा मिटले होते, तेवढं पुरे झालं. मी टक लावून बघत होते. एक पाकळी हलली, थोडी खाली सरकली आणि पडली. आमच्या बाजूने बघितलं तर डावीकडची.

"डावा!" हे म्हणाले. "गेलं रे केतन तुझं लिटल इंडिया."

हवं तेच ऐकलं म्हणून मला हसू फुटलं, बाजू बघायचं सुचलंच नाही. पण फोनमधून महादू ओरडला, "डावो खंय? उजवो! उजवो दिल्यान देवान!"

"काय बोलतोस महादू? मी बघितलं ना. ही काय, डावीकडची पडली."

"अरे चंदू, ती तुझी डावी. कौल देवाच्या अंगान बघूचो, आपल्या न्हय. देव तुझ्याकडे तोंड करून बसलो हा मां?"

यांचा जन्म मुंबईचा, वाढ भांडुपची. गावाला जायचे ते गणपतीत चार दिवस, आणि कौलाच्या वेळी गर्दीत मागे उभे. पुढे गुरव ओरडून सांगायचा तेच ऐकायचे. मी मात्र गावची, मला हे लहानपणापासून माहीत होतं. माझे डोळे त्या दिवशी उघडे असते तर!

"महादू," हे म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "त्या टायमाला काय पडलं होतं?"

"खंयच्या टायमाक?"

"रुचिराच्या. लग्नाच्या."

"उजवोच तो. गाऱ्हाणा पुरा होवच्या आधीच पडलो. तुझो फोन कट झालो. मी परत लावलंय तर तू म्हटलंस, 'बघलंय मी', आणि ठेवलंस." महादूला काहीच कळलं नव्हतं. "तुझा चेडू बरा आसा मां? थंयच आसा ना ता, सिंगापुरात? मगे हॉटेल कित्याक बघतास?"

केतनने फोन हातात घेतला, "नंतर करतो काका" म्हणाला आणि बंद केला. खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, त्याचा टुंग टुंग आवाज येत राहिला.

मला रडू आलं नाही, राग आला. चार वर्षं! तिच्या लग्नाच्या साडीला मी हात लावला नाही, तिच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू पाठवले ते मैत्रिणीच्या पत्त्यावरून, चोरून. आणि का, तर या माणसाला उजवं-डावं कळलं नाही! "लेथवर चाळीस वर्षं काढलीत," मी म्हटलं, "आणि देवासमोर बसून एवढंही बघता आलं नाही तुम्हाला?"

"नाही आलं," हे म्हणाले. भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. जरा वेळाने म्हणाले, "कुंदा, मला डावाच बघायचा होता गं. म्हणून परत विचारलं नाही मी त्याला."

मग उठले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "तुझ्या फोनवरून लाव तिला. माझा उचलणार नाही ती."

मी लावला. साधाच कॉल, व्हिडिओ नाही. स्पीकर सुरू केला. पलीकडून रुचिरा घाईत म्हणाली, "आई? आज आत्ता कशी? सगळं बरं आहे ना?"

"मी बोलतोय," हे म्हणाले.

तिच्या मागे लहान मुलाचा आवाज येत होता, काहीतरी आपटत होतं.

"रुचिरा, तुझा कौल उजवा होता. मी उलटा बघितला."

ती म्हणाली, "मला देवाचा नकोच होता बाबा. तुमचा हवा होता. तुम्हाला सरळ 'हो' म्हणायला जड जाईल, म्हणून मी देवाला विचारा म्हटलं."

हे खुर्चीवर बसले. दोन्ही हातांनी फोन धरला होता, गरम कप धरतात तसा. समीक्षा पदराने डोळे पुसत होती, आणि केतन लॅपटॉपकडे बघत होता, जसं काही त्यात उत्तर आहे.

"आम्ही येतोय," हे शेवटी म्हणाले. "पुढच्या महिन्यात. चौघं. पाच दिवस. उतरायचं कुठे ते ठरत नाहीये."

मला वाटलं, आता ती म्हणेल, घरी या. मी मनातून तिला सांगत होते, म्हण ना गं, म्हण.

"हॉटेलच बघा बाबा," रुचिरा म्हणाली. तिचे शब्द सरळ होते. "एकदम घरी नका येऊ. मला जमायचं नाही. अरुलला पण नाही. त्याला तुम्ही कधी नावाने पण विचारलं नाहीत." मग थांबून म्हणाली, "पण जवळचं बघा. लांब नका राहू."

"हो," हे म्हणाले. "हो. जवळचं बघतो."

मला घर हवं होतं, तिच्या स्वयंपाकघरात उभं राहायचं होतं, पोराला माझ्या हाताने भात भरवायचा होता. ते मिळालं नाही. पण तिचं बरोबर होतं आणि ते मला कळत होतं.

केतनने लॅपटॉप यांच्यापुढे सरकवला. नकाशावर कटोंगची हॉटेलं उघडली होती; माझं कटोंग कशासाठी, ते त्याला एव्हाना कळलं होतं. "बाबा, देवाने लिटल इंडिया दिलंय हं," तो हळूच म्हणाला.

"एक दिवस दर्शनाला जाऊ तिकडे, पाया पडू," हे म्हणाले. नकाशावर बोट ठेवून त्यांनी डोळे बारीक केले आणि फोनमध्ये विचारलं, "ती जुन्या रंगीत घरांची ओळ आहे ना, तिथलं एक हॉटेल दिसतंय. तुझ्या इमारतीपासून चालत किती?"

"सात मिनिटं."

हे थांबले. माझ्याकडे बघितलं, परत फोनकडे बघितलं.

"आणि कविनला घेऊन?"

यांच्या तोंडून मी ते नाव पहिल्यांदा ऐकत होते. कधी, कुठून कळलं होतं यांना, कोण जाणे. पलीकडे रुचिराला हुंदका फुटला, मग तिने नाक ओढलं.

"त्याला घेऊन वीस लागतील, बाबा. तो प्रत्येक मांजरापाशी थांबतो."

"चालेल," हे म्हणाले. "वीस चालतील."