ताकदीच्या गोळ्या

तीस वर्षं औषधांचं दुकान चालवणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे ‘अर्धा डॉक्टर’ म्हणत, आणि त्यालाही ते मनातून आवडे. थोरल्या बहिणीच्या आतड्यात गाठ निघाली, उपचार सुरू झाले आणि चार पायऱ्या चढताना तिला धाप लागू लागली, तेव्हा त्याला राहवलं नाही. बी-जीवनसत्त्वांच्या भारी डोसच्या गोळ्यांची बाटलीच त्याने तिच्या घरी नेऊन ठेवली.

“सकाळ-संध्याकाळ एकेक. आठ दिवसांत पळायला लागशील, ताई.”

“मामा, डॉक्टरांना विचारलंस ना?” भाचीने विचारलं.

“विचारलंय की!” तो म्हणाला. विचारलं नव्हतं. जीवनसत्त्वांसाठी कसलं विचारायचं?

तीन महिन्यांनी स्कॅन झाला. गाठ वाढली होती. डॉक्टरीणबाईंनी ताईला विचारलं, “माझ्या औषधांशिवाय आणखी काही घेता का? टॉनिक, व्हिटॅमिन?”

ताईने एकदा सोबत आलेल्या भावाकडे पाहिलं. तो भिंतीवरचं पोटाचं चित्र बघत होता.

“नाही हो,” ती म्हणाली.

आजारी बहीण आपल्यासाठी खोटं बोलली आणि आपण मिठाची गुळणी धरून उभे राहिलो, हे काही त्याच्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुकान न उघडताच तो एकटा दवाखान्यात गेला आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, “यानेच गाठ वाढली, असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पेशी वाढायला ही जीवनसत्त्वं लागतात, तशी ती गाठीलाही लागतात. भारी डोसने गाठीला बळ मिळत असावं, असं काही अभ्यास म्हणतात. काहींना तसं आढळत नाही. पण मला माहीत असायला हवं होतं. गोळ्या आजपासून बंद. औषधही बदलू.”

तिथून तो तसाच ताईकडे गेला. भाची कपड्यांना इस्त्री करत होती.

“ताई, मी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं गं.”

“कळलं होतं मला,” ताई हसली. “लहानपणी काच फोडलीस की असाच दुसरीकडे बघायचास.”

भाची हसली नाही. तिने इस्त्री उभी करून ठेवली. “मामा, तू हो म्हणालास म्हणून मी आईला त्या आठवणीने दिल्या. ती नको म्हणायची तेव्हाही. माझ्या हाताने.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

नव्या औषधावर गाठ वाढायची थांबली. ते औषधाने की गोळ्या बंद केल्याने, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. ताईने फोनवर आनंदाने बातमी दिली, तेव्हा त्याला धड हसताही आलं नाही.

भाची आईची औषधं अजून त्याच्याकडूनच नेते. पण आता एकेक पाकीट चिठ्ठीशी ताडून पाहते, मागे गिऱ्हाइकं खोळंबली तरी. तिचं पाहून होईपर्यंत तो हात बांधून उभा राहतो.