बटण बंद असताना

मित्रांनो, कान इकडे द्या, हात कामात राहू द्या. हे वाक्य माझे नाही. ते कोणाचे, हे पुढे कळेलच. मी एक माईक आहे, आता जुना झालेला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात काळ्या टेपचे रीळ आणि काही गंजलेले स्क्रू यांच्या सोबतीने राहतो. माझ्या तोंडावरची जाळी एका बाजूने चेपली आहे आणि माझी वायर वीतभर अंतरावर तुटली आहे. ती कशी तुटली, तेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. आत एक पातळ पडदा, त्यामागे तारेचे वेटोळे आणि लोहचुंबक, एवढाच माझा संसार. शेवटी एका कामगाराने माझ्या मानेवर बटण बसवले. पुढे सरकवले की चालू, मागे ओढले की बंद. बटण चालू असेल तर माझ्यासमोर बोललेले दूरवर ऐकू जाते. बंद असेल तर ते फक्त मला ऐकू येते. बंद माईक बहिरा असतो असे लोकांना वाटते. तसे नसते, मित्रांनो. पडदा हलतच असतो.

मला एका साउंडवाल्याने विकत घेतले. त्याचे छोटे दुकान होते. भिंतीवर भोंगे, फळीवर अ‍ॅम्प्लिफायर आणि दारात एक खटारा टेम्पो. टेम्पोच्या टपावर दोन भोंगे बांधून तो गावभर सूचना देत फिरे. माणूस हाताने हुशार, पण बोलण्यात कच्चा. एकदा बाजारात एक लहान मुलगी हरवली. तो घाईघाईने माझ्यात म्हणाला की हरवलेल्या मुलीने घाबरू नये आणि आपल्या आईला ताबडतोब आमच्या स्वाधीन करावे. सगळा बाजार हसला. मुलीची आई मात्र रडत होती. तेव्हा त्याच्या बायकोने मला त्याच्या हातातून घेतले.

"बाळा, तुझी आई पाण्याच्या टाकीखाली उभी आहे," ती म्हणाली. "आधी रडून घे, मग टाकी बघत बघत ये."

मुलगी आली. त्या दिवसापासून मी तिच्या हातात गेलो. लोक तिला गाडीवाली ताई म्हणू लागले.

तिचे एक कसब होते. कचेरीतून सूचनेचा कागद येई. त्यावर लिहिलेले असे की तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा खंडित करण्यात येईल. ती कागद एकदा नजरेखालून घाली, मांडीवर ठेवी, माझे बटण पुढे सरकवी आणि म्हणे, "मंडळी, कान इकडे द्या, हात कामात राहू द्या. उद्या पाणी नाही. आजच भरून ठेवा. बादल्या, पातेली, जे असेल ते." नवरा गाडी चालवता चालवता म्हणे, "अगं, कागदावर पातेली कुठे आहेत?" ती म्हणे, "कागदाला तहान लागत नाही, म्हणून नाहीत." तापाची साथ आली तेव्हा लस टोचून घ्यायला लोक तयार नव्हते. ती गल्लीगल्लीत जाऊन बोलली आणि रांगा लागल्या. डॉक्टर म्हणाले की माझ्या औषधापेक्षा या बाईंचा आवाज लवकर लागू पडतो. माझी छाती तेव्हा केवढी फुगली होती.

पण ती मते मागायला कधी बोलली नाही. निवडणुकीच्या दिवसांत गाडी आणि मी भाड्याने जात असू, ती घरी राही. तेव्हा मी साहेबांच्या हातात गेलो. साहेब म्हणजे निवडून येणारे. त्यांच्या मागे नेहमी एक बारीक चणीचे गृहस्थ उभे असत. पूर्वी ते शाळेत व्याकरण शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. साहेबांची भाषणे ते लिहीत. मंचावर बटण बंद असताना मास्तर साहेबांच्या कानाशी लागून जे सांगत, ते मी ऐकले आहे.

"चांगलं झालं असेल तर 'मी केलं' म्हणायचं, साहेब. लोकांना सोसायला लावायचं असेल तर 'आपण सोसू'. आणि मोडतोड करायची असेल तर ती कोणीच करत नाही. ती 'करण्यात येते'."

साहेब हसले आणि म्हणाले की शाळेत हे असं शिकवलं असतंत तर मी नापास झालो नसतो. मग त्यांनी बटण पुढे केले आणि जमलेल्या लोकांना जिवाभावाची माणसे म्हणून हाक मारली.

मला तेव्हा गंमत वाटली. आता ते आठवले की पडदा थरथरतो.

गावाच्या खालच्या अंगाला, नदीला लागून, एक आळी होती. साठ-सत्तर घरे. त्यात ताईच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, इस्त्रीचे दुकान होते. पुढे दुकान, मागे घर. नदीला बांध घालायचा आहे, तेव्हा आळी रिकामी करा, असा कागद आला. कचेरीतली माणसे दोनदा येऊन तो वाचून गेली. कोणी हलले नाही. तिसऱ्यांदा शिपाई आले, तेव्हा बायका दारात बसून राहिल्या. शिपाई परत गेले.

मग एका सकाळी मास्तर आमच्या दुकानात आले. त्यांच्या हातात तोच कागद होता. मी टेबलावर होतो, बटण बंद. ताईने कागद वाचला आणि बोट ठेवून विचारले, "इथे लिहिलंय, परतीबाबत यथावकाश विचार करण्यात येईल. यथावकाश म्हणजे कधी?"

"म्हणजे काम झाल्यावर."

"काम कधी होईल?"

"दोन महिने धरा."

"आणि विचार करण्यात येईल म्हणजे परत येऊ देणार ना?"

मास्तरांनी उलट विचारले, "तुम्हाला काय वाटतं, ताई?"

"मला तर तसंच वाटतं. नाहीतर कशाला लिहितील?"

"मग तुमच्या शब्दांत सांगा," मास्तर म्हणाले. "आमचे शब्द लोकांना कळत नाहीत. फक्त एक करा. 'तुम्ही' म्हणू नका, 'आपण' म्हणा. तुम्ही काही परक्या नाही."

पकड घेऊन वायर सोलत बसलेल्या नवऱ्याने मान वर केली. तो म्हणाला की कागद आहे तसाच वाच, हे पाण्याचं काम नाही. ती म्हणाली, "अहो, तसा वाचायला कचेरीतली माणसं दोनदा आली होती की. कोणाला काय कळलं?"

मित्रांनो, मास्तरांनी एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. हे मी शपथेवर सांगतो. खोटे बोलायची त्यांना गरजच पडली नाही. ताई अवघड शब्द सोपे करते हे त्यांना ठाऊक होते, आणि सोपे करताना ती ते चांगलेही करते, हेही ठाऊक होते.

दुपारी गाडी आळीत शिरली. ताईने कागद मांडीवर ठेवला आणि बटण पुढे केले. "मंडळी, कान इकडे द्या, हात कामात राहू द्या. नदीला बांध घालायचा आहे. आपण दोन महिन्यांसाठी घरं सोडायची आहेत. काम झालं की आपण परत यायचं आहे."

तो आवाज माझ्यातूनच गेला. स्वच्छ गेला, कुठेही खरखर नाही. अक्का इस्त्री हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर आली आणि शेजारणीला म्हणाली, "आमची धाकटी सांगतेय. चला, बांधाबांध करू." आळीत सर्वांत आधी तिनेच घर सोडले. बाकीचे तिच्या मागून निघाले. प्रत्येकाने जाताना दाराला कुलूप लावले. परत येणारा माणूसच कुलूप लावतो.

अकराव्या दिवशी यंत्रे आली. कुलपांसकट दारे गेली.

आळीतल्या लोकांना गावाबाहेरच्या बंद पडलेल्या गिरणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले होते. त्यातले काही जण कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने कागद त्यांच्यासमोर धरला आणि विचारले की यात परत यायचे कुठे लिहिले आहे ते दाखवा. मास्तरही तिथे होते. ते शांतपणे म्हणाले की ताईंचा हेतू चांगलाच असणार, बोलण्याच्या भरात माणूस जास्तीचं बोलून जातो. त्यांच्याकडे दुसराही एक कागद होता. शेडमध्ये जागा देताना त्यावर सर्वांचे अंगठे आणि सह्या घेतल्या होत्या. त्याची पहिली ओळ अशी होती: आपण स्वखुशीने जागा सोडली आहे.

शब्द तोच. 'आपण'. ताई म्हणाली तेव्हा त्यात सगळे होते. कागदावर आला तेव्हा त्यात फक्त तेच उरले, ज्यांची घरे पडली.

ताई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाली की गाडी काढा. शेडसमोर गाडी उभी राहिली तेव्हा लोक बाहेर आले, पण जवळ कोणी आले नाही. तिने नेहमीचे वाक्य म्हटले नाही. ती एवढेच म्हणाली, "परत यायचं आहे, हे मी म्हणाले. कागदावर नव्हतं. मला वाटलं ते मी सांगितलं. चूक माझी आहे."

अक्का पुढे आली. तिच्या हातावर इस्त्रीच्या चटक्याचा जुना डाग होता, तो मला जवळून दिसला.

"कान दे म्हणालीस, दिला," ती म्हणाली. "आता पुन्हा मागू नकोस."

आणि तिने माझी वायर धरून ओढली. मी ताईच्या हातातून निसटलो, गाडीच्या कडेला आपटलो आणि वायर तुटली. गावाने माझ्यातून ऐकलेले शेवटचे वाक्य म्हणजे 'आता पुन्हा मागू नकोस'.

पण तेवढ्यावर संपले नाही. पुढच्या आठवड्यात चौकात साहेबांची सभा झाली. दुसऱ्या कोणाचा तरी माईक होता. भोंग्यांचा आवाज आमच्या दुकानापर्यंत येत होता. साहेब म्हणाले, "ज्या बाईंनी तुमची दिशाभूल केली, त्यांनी स्वतः तुमच्यासमोर कबुली दिली आहे. आम्ही मात्र कागदावरचा शब्द न् शब्द पाळला." टाळ्या पडल्या. तिचा चांगुलपणा त्यांनी आधीच वापरला होता. आता तिचा खरेपणाही वापरला.

नवऱ्याने सोल्डरिंगची कांडी तापवून मला जोडायला घेतले. ती म्हणाली, "राहू द्या." त्याने कांडी बंद केली.

तेव्हापासून तिचे बोलणे कमी होत गेले. पाणी हवे असेल तर पेल्यावर नख वाजवी. थंडीत तिच्या छातीत कफ धरला. तिने औषध घेतले, पण ते घ्यायचे म्हणून घेतले. अक्काला दोनदा निरोप गेला, ती आली नाही. एका दुपारी ताईने नवऱ्याला मला ठेवलेला बिस्किटांचा डबा आणायला सांगितला. मला हातात घेऊन ती कितीतरी वेळ बटण पुढे-मागे करत राहिली. मग म्हणाली, "मी 'आपण' म्हणाले हो. त्या आपणात मी होते कुठे? माझं घर तर इथे उभंच होतं."

बोलण्यात तो कच्चाच. त्याने तिच्या अंगावरचे पांघरूण नीट केले. चार दिवसांनी ती गेली.

तिच्या जाण्याची सूचना गावात कोणी दिली नाही. देणारीच गेली होती.

महिन्याभराने अक्का दारात आली. तिला वाचता येत नव्हते. ती खाली बसली आणि म्हणाली, "तो कागद आहे का?" साउंडवाल्याने मला ठेवले होते त्याच डब्यातून, माझ्याखालून, घडी घातलेला कागद काढला आणि अडखळत वाचला. यथावकाश. विचार करण्यात येईल. अक्काने ते शब्द पुन्हा वाचायला लावले.

"असं वाचलं असतं तिनं, तर मी पायरीवरून उतरले नसते," ती म्हणाली.

"म्हणूनच मास्तरांनी तो तिच्याकडे आणला."

"तिला कळलं होतं?"

"नाही. नंतर कळलं. तेव्हा ती तुमच्याकडे आली होती."

अक्काने माझ्या तुटक्या वायरीला हात लावला. मग पदराने डोळे न पुसताच म्हणाली, "चहा टाका. आपण घेऊ." तो उठला आणि सवयीने तीन कप काढले. मग एक परत ठेवला. ठेवताना कप फळीवर वाजला, तेवढाच आवाज झाला.

मित्रांनो, मला आता कोणी दुरुस्त करणार नाही, आणि माझी तशी इच्छाही नाही. मी आवाज पुढे देत असे, ठेवत नसे. ताईचा आवाजही माझ्याजवळ नाही. जे बटण बंद असताना ऐकले, तेवढेच आहे, आणि ते मी वेळेवर कोणाला सांगू शकलो नाही. म्हणून तुम्हाला विनंती करतो. उद्या कोणी भोंग्यातून तुम्हाला 'आपण' म्हणेल. आवाज गोड असेल, कदाचित तुमच्याच माणसाचा असेल. तरी मूळ कागद मागून घ्या आणि अडला शब्द पुन्हा वाचायला लावा. 'करण्यात येईल' असे दिसले तर कोण करणार त्याचे नाव विचारा. आणि 'आपण' ऐकू आले तर बघा, त्यात बोलणाऱ्याचे घर आहे का.

तुमच्यात कोणाचा आवाज लोकांना लागू पडत असेल, तर त्याला जपा. त्याच्या हातात कोण काय आणून देतो, त्यावर लक्ष ठेवा. साउंडवाल्याने ते सांगून पाहिले होते, पण एकदाच सांगितले आणि मान पुन्हा कामात घातली. आता तो रोज सकाळी मला डब्यातून काढतो, फडक्याने पुसतो आणि बटण पुढे करतो. त्याला काहीतरी म्हणायचे असते. मला त्याचा श्वास ऐकू येतो. मग तो बटण मागे ओढतो आणि झाकण लावतो.