‘गेला’वर उडी

आमचा पहिला अल्बम बाहेर आला आणि सगळ्यात आधी मावसभावाचा फोन आला.

"ताई, नाद नाही करायचा! ट्रेडमिलवर लावला, तर पाय थांबायचं नाव घेईनात. त्यातही ते शेवटचं, ‘गेला, गेला’ वालं."

"ते तुझ्या काकांवर आहे," मी म्हटलं.

"हो का? भारीच." मग जीभ चावल्यासारखा थांबला. "म्हणजे… ठेका भारी."

आम्ही चौघं टायरच्या दुकानामागच्या गोदामात वाजवतो. कुठली कंपनी पाठीशी नाही. दिवसा मी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. बँडमध्ये शब्द आणि आवाज माझा. बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्यावर मी एकच गाणं लिहिलं. लहानपणी मी अंथरुणात पडले की घरभर बाबांच्या चपला फिरायच्या. सपक, सपक, मग बटणाचा खटका. पुन्हा सपक, सपक, खटका. शेवटी दाराची कडी. त्या आवाजावर मी कित्येक वर्षं झोपले. त्याचेच शब्द केले: एक दिवा गेला, दुसरा दिवा गेला, कडी लागली, आता झोप.

मी ते संथ बांधलं होतं. आमचा ड्रमर, ज्याला सगळे पिंप म्हणतात, ऐकून म्हणाला, "बाई, एवढ्या हळू गाण्यावर लोक मोबाइल काढतात. ह्या चालण्यातच ठेका आहे बघ." आणि मांडीवर वाजवत सुटला. बाकीचे दोघं त्याच्या बाजूला गेले. आता कार्यक्रमात मी "एक दिवा" म्हणते, आणि समोरची पोरं हात वर करून "गेला!" ओरडतात. आणि उडी मारतात.

कौतुकाला तोटा नव्हता. एका समीक्षकानं लिहिलं, "या बँडला दुःख ठाऊकच नाही, आणि तेच त्यांचं बळ." हे वाक्य मी मुद्रितात पाहिलं असतं तर समासात प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं असतं. कचेरीतल्या टंकलेखक बाईंनी लेकाच्या वाढदिवसाला ते गाणं लावलं. आत्या तर घरी येऊन कमरेवर हात ठेवून नाचून गेली. बाबांची सख्खी बहीण.

"दादाला केवढं आवडलं असतं गं!"

"आत्या, शब्द ऐकलेस का?"

"शब्द कोण ऐकतंय? तू आपली नेहमीची शिष्ट."

लोकांवर चिडून उपयोग नव्हता. गाणं नाचरं आम्हीच केलं होतं. पण मला एक माणूस हवं होतं, एकच, ज्याला त्या दणदणाटाखाली बाबा ऐकू येतील. ते माणूस म्हणजे आई. आणि आई काही केल्या ऐकेना. "सवडीनं ऐकते," म्हणायची, आणि सवड असूनही डबे पुसत बसायची.

परवा ती व्यायामाच्या वर्गाहून आली. गुडघे धरलेल्या बायका तिथे खुर्चीत बसून पाय उचलतात. शिकवणारी मुलगी तरुण आहे, संगीत लावते. आईनं गुडघ्याचा पट्टा सोडला, घडी घातली, आणि म्हणाली, "आज तुझं ते गाणं लागलं होतं."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. "सगळं ऐकलंस?"

"न ऐकून जाते कुठे? डावा पाय वर, उजवा पाय वर. शेजारच्या बाई म्हणाल्या, झकास आहे हो. मी म्हटलं, हो."

"मधेच उठली नाहीस?"

"उठले असते तर दहा जणींनी विचारलं असतं. पाय हलवत राहिलं की कुणी तोंडाकडे बघत नाही."

मला वाटलं, मिळालं ते माणूस. तेवढ्यात ती म्हणाली, "पण तू काहीतरीच लिहिलंयस. दिवे कुठे घालवायचे हे?"

"म्हणजे?"

"अगं, जेवण झालं की हे आडवे. तू झोपायच्या आधीच घोरायला लागलेले असायचे. जन्मात एक दिवा घालवला नाही. उलट न्हाणीघरातला लावून यायचे, तो मला घालवावा लागायचा."

"मग त्या चपला?"

"माझ्या. आणखी कुणाच्या असणार?"

दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारी मी, आणि हे. गाणं बाहेर पडलं होतं, लोकांच्या तोंडी बसलं होतं. शनिवारी पुन्हा ते म्हणायचं होतं, आणि त्यात बाबा नव्हतेच. त्यांचं म्हणून जे मी जपलं होतं, ते तिचं निघालं.

"बदलते मी शब्द," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "किंवा म्हणतच नाही शनिवारी."

"कशाला? राहू दे त्यांच्या नावावर. मी आहे अजून, मला गाणं नको." तिनं पट्टा कपाटात ठेवला. "फक्त त्या पिंपाला सांग, मी अशी कधीच पळत नव्हते."

"कशी चालायचीस मग?"

"आता काय दाखवू, कप्पाळ! गुडघे बघ माझे." पण गेली. अजून उजेड होता, तरी स्वयंपाकघरातला दिवा तिनं लावला आणि घालवला. मग पुढच्या खोलीतला. मी टेबलावर बोटांनी ठेका धरू पाहिला. जमेना. तिचा डावा पाय आता उशिरा पडतो, आणि किती उशिरा, ते दर वेळी वेगळं. त्यावर कुणालाच उडी मारता आली नसती.

"कडी नको ना लावू?" तिनं बाहेरून विचारलं. "कचरेवाला यायचाय."