माझ्यासाठी कोणी उतरू नका

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे आणि फार भित्रा आहे. लोखंडाचा असून भितो म्हणून हसाल, तर हसा बापडे! पण नंदनवन नावाच्या वस्तीतल्या आमच्या कॉलनीच्या मैलाटाकीच्या तळाशी एक दिवस राहून बघा, मग बोला.

साच्यात ओतला गेलो, वाडीच्या गोदामात धूळ खाल्ली आणि मग इथे उतरलो. घरोघरचं सांडपाणी या टाकीत येतं. ते मी वरच्या हौदांत ढकलतो. तिथे त्याला हवा देतात, गाळ खाली बसतो आणि निवळलेलं पाणी बागेला जातं. पहिल्यांदा शेवंती फुलली तेव्हा कॉलनीचे सेक्रेटरी चंपतराव यांनी मला हार घातला होता. पुढे मात्र 'चालतोय ना, चालू द्या' यावरच माझी बोळवण झाली. मला वर ओढायची साखळी गंजून तुटली, ती कोणी बदलली नाही.

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. दुसऱ्या सकाळी इडापिडा नेणाऱ्या मारबतीला 'रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणत त्या शिवेबाहेर टाकायच्या. पण कॉलनीला कुठली आली शीव? लोकांनी माझ्या टाकीचं झाकण उघडलं आणि सगळ्यांची रोगराई माझ्या डोक्यावर ओतली! पानं, साली तोंडात अडकल्या. मी गुरगुरलो, तापलो आणि बंद पडलो.

पाणी साचलं, सडलं. त्यातून उठणाऱ्या हवेला मी ओळखतो. एक उंदीर शिडीवरून उतरत होता. अर्ध्यातच त्याचे पाय सुटले आणि तो पुन्हा हलला नाही.

एका सकाळी झाकण सरकलं आणि मला शिडीवर सुशीलचे पाय दिसले. टाकीची देखभाल तोच करतो.

"काकाजी, वास बेक्कार येऊन राहिला," तो म्हणाला.

"अरे, पंपाले दोरच त बांधाचा हाय, पाच मिनिटाचं काम हाय गा," वरून चंपतराव म्हणाले. "घराघरात पाणी उलटं येऊन राहिलं. तोंडाले रुमाल बांध अन् उतर."

सुशील आणखी एक पायरी उतरला. नको रे बाबा, नको! मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण बंद पंपाला कुठला आवाज? त्याला खोकल्याची उबळ आली. पाय लटपटले.

तेवढ्यात चंपतरावांची बायको, सिंधूताई, धावत आली. "काहून उतरवता त्याले? पाचच मिनिटं हायेत न? मग तुमी उतरा!"

"मले दमा हाय ना वं," चंपतराव पुटपुटले.

"अन् त्याचे फुफ्फुसं काय लोखंडाचे हायेत? सुशील, वर ये आधी! विहिरीत बादली पडली त माणूस सोडते का कोणी? गळ टाकते!"

गळ आला, दोर आला. चंपतरावांनीही मान खाली घालून दोर धरला. मी चिखलासकट वर आलो. शेजारी सुशील जमिनीवर बसून मोठमोठे श्वास घेत होता. तो श्वास ऐकून मला रडूच आलं.

आता नवी साखळी आहे, पण भीती गेलेली नाही. मित्रांनो, माझ्या तोंडात काही टाकू नका. तरीही बंद पडलोच, तर वास सोसा, हवं तर मला भंगारात द्या. पण माझ्यापायी कोणाला त्या शिडीवर पाय ठेवायला लावू नका.